टेंभुरदऱ्याचा लाल पंप

मोहिउद्दीनभाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस ते डाव्या हाताने विंचरतात आणि भांग रोज वाकडाच पडतो. बत्तीस वर्षं हातपंपाचे पाईप उपसल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? एक पाईप दहा फुटांचा, लोखंडाचा. असे बारा-पंधरा पाईप एकेक करून बोरमधून वर काढायचे, तळाचं फाटलेलं वायसर, म्हणजे वॉशर, बदलायचं आणि पुन्हा एकेक करून खाली सोडायचे. दिवसाला दोन पंप झाले की घरी आयशाबी, म्हणजे त्यांची बायको, न बोलता तेलाची वाटी गरम करायला ठेवते.

मी विमल. तालुक्यात पाणी तपासायची जी प्रयोगशाळा आहे, तिथे मी एकोणीस वर्षं काम करते. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक यंत्र, एक बिघडलेला फ्रीज आणि मी. लोक म्हणतात, विमलताई फार चिडक्या. दिवसभर दुसऱ्यांच्या गावचं पाणी बाटलीतून बघत बसा, त्याचे आकडे वर पाठवा, आणि पुढच्या वर्षी त्याच गावातून तेच पाणी पुन्हा येऊ द्या. मग बघू कोण चिडत नाही ते. मोहिउद्दीनभाई मात्र कधी चिडले नाहीत. ते फक्त थकत गेले.

त्यांची एक खुबी सांगते. पंप नादुरुस्त झाला की ते आधी दांडा चार वेळा मारतात, मग पंपाच्या हेडला, म्हणजे वरच्या लोखंडी पेटीला कान लावून डोळे मिटतात. "एकशेवीसवर हाये पानी. दोन पाईप वाढवा लागते." एकदा बाहेरून आलेल्या साहेबांनी खात्री करायला टेप आत सोडली. एकशे अठरा फूट निघालं. साहेबांनी टेप गुंडाळली आणि भाईंना चहा पाजला. इतका जाणकार माणूस, आणि चुकला कुठे, तर जिथे कान लावायची गरजच नव्हती, नुसते डोळे उघडे ठेवायचे होते.

आमच्याकडच्या डोंगरात पाणी सरळ वागत नाही. पांढरकवड्याहून झरी जामणीकडे जाताना ज्या टेकड्या लागतात त्यांच्या पोटात नुसता दगड आहे. पावसाचं पाणी उतारावरून पळतं आणि नाल्याला मिळतं. त्यातलं थोडं भेगांतून मुरतं, ते नाल्याच्या काठाला शंभर-सव्वाशे फुटांवर सापडतं. हे ताजं पाणी. पण वस्ती माथ्यावर असेल तर तिथे तीनशे फूट खाली जावं लागतं, आणि त्या खोलीवरचं पाणी वर्षानुवर्षं दगडाला चिकटून बसलेलं असतं. दगडातलं फ्लोराईड त्यात उतरतं. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. पोरांच्या दातांवर आधी पिवळे पट्टे येतात, मग तपकिरी. पुढे गुडघे वाकतात, पाठीचा कणा ताठतो, आणि चाळिशीतला माणूस हातात काठी घेतो. एकदा झालं की औषध नाही. ते पाणी न पिणं एवढाच उपाय.

म्हणून रंगाचा नियम. फ्लोराईड जास्त असलेल्या पंपाला लाल रंग: धुणं-भांडी करा, पिऊ नका. चांगल्याला निळा. ओट्यावर अक्षरंही लिहायची, पण दोन पावसाळ्यांत ती धुऊन जात, आणि राहिली तरी वाचतं कोण? रंग लावायचं काम मोहिउद्दीनभाईंकडे होतं. डबा एक आणि पंप चाळीस, त्यामुळे ते फक्त हेड आणि दांडा रंगवायचे. जमिनीत गाडलेला खांब तसाच राहायचा.

टेंभुरदरा हा बंजाऱ्यांचा तांडा, बेचाळीस घरांचा, टेकडीवर पसरलेला. तिथे दोन पंप. एक वर मंदिराजवळ, तीनशे फूट खोल. एक खाली नाल्याकाठी, सव्वाशे फुटांचा. २०१३ साली आमच्या तपासणीत वरच्याचं पाणी वाईट निघालं आणि भाई लाल डबा घेऊन तांड्यावर गेले. बायका ऐकेनात. माथ्यावरचं पाणी सोडून कळशी घेऊन खाली उतरायचं आणि पुन्हा चढायचं, हे सांगणारा कोण हा? सगळ्यांत पुढे होती रुपीबाई. तांड्यात तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई.

"पानी तर साफ दिसते. तू कायले बंद करून राह्यला?" तिने विचारलं.

भाई ओट्यावर बसले. त्यांना माहीत होतं की रुपीबाईचा नवरा शेवटची सहा वर्षं खाटेवर होता, कूस बदलायलासुद्धा दोन माणसं लागायची, आणि तांडा त्याला देवीचा कोप म्हणायचा. ते म्हणाले, "याडी, तुह्या घरवाल्याची पाठ देवीनं नाही नेली. या पान्यानं नेली."

 दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीबाई हातात काठी घेऊन वरच्या पंपाजवळ बसली, आणि त्यानंतर तिथलं पाणी प्यायची कोणाची छाती झाली नाही. पंपांना तिने बैलांसारखी नावं दिली, लाल्या आणि निळ्या. भाईंना ती भिया म्हणू लागली, म्हणजे भाऊ.

पांढरकवड्याच्या बाजाराला ती येते तेव्हा भाईंच्या घरी थांबते. आमची गल्ली एकच, म्हणून मी हे किती वेळा पाहिलं त्याला गणती नाही. पाटीतून कधी चारोळी काढायची, कधी टेंभरं, ती आयशाबीच्या पदरात टाकायची. मग माठातलं पाणी लोटाभर घटाघटा प्यायचं, पदराने तोंड पुसायचं आणि सांगायचं, "भिया, लाल्याले कोनाले तोंड नाही लावू देत मी. पोट्ट्याले बी नाही." भाई हसायचे. दिवसभराचा थकवा त्या एका वाक्याने उतरायचा, असं ते मला एकदा म्हणाले होते.

गेल्या काही वर्षांत या फुशारकीत जमनाबाईचा विषयही असायचा. जमनाबाईचं घर नाल्याकाठी. ती जवळच्या पंपावरून पाणी भरायची, लाल असला तरी. रुपीबाईने तिला तीनदा बजावलं. चौथ्यांदा सगळ्यांसमोर तिचं भरलेलं मडकं काठीने फोडलं. तांड्याचे नायक भीमसिंग यांनी पंचांपुढे जमनाबाईला हात जोडायला लावले. भाई म्हणाले, "बरं केलं याडी. नियम म्हंजे नियम."

मीही तेव्हा भाईंच्या दाराशीच होते. मलाही बरंच वाटलं होतं. आणि जमनाबाईचं घर नाल्याकाठी, तर लाल पंप तिच्या दाराशी कसा, हा साधा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

गेल्या साली मे महिन्यात नवा नियम आला. पाण्याची बाटली भरताना त्या पंपासकट मोबाईलवर फोटो काढायचा. त्यामुळे नमुने आणणाऱ्या माणसाला टेंभुरदऱ्याची टेकडी चढावीच लागली. बिचाऱ्याने दोन्ही पंपांच्या बाटल्या भरून आणल्या. मी तपासल्या आणि माझं डोकं फिरलं. लाल पंपाच्या बाटलीत फ्लोराईड पॉइंट आठ, निळ्याच्या बाटलीत चार पॉइंट दोन. दीडच्या वर गेलं की पाणी पिऊ नये, असा हिशेब आहे.

मोहिउद्दीनभाई चहाला आले होते. त्यांची नोकरी संपायला चौदा दिवस उरले होते आणि ते हल्ली रोज येऊन बसायचे.

"तुमच्या त्या माणसानं बाटल्या बदलवल्या पाहा," मी म्हटलं. "लालचं लेबल निळ्याले, निळ्याचं लालले. एवढं बी काम धड होत नाही यांच्यानं!"

"कोनतं गाव?"

"टेंभुरदरा."

"फोटो दाखवा बरं ताई."

मी मोबाईलवर तो फोटो शोधून त्यांच्यापुढे धरला. लाल पंप, त्यामागे कोरडा नाला आणि एक बाभूळ. भाईंनी बशी टेबलावर ठेवली. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ताई, लाल वरचा होता," ते म्हणाले. "मंदिराजवळचा. मीच रंगवलता. बाटल्या बराबर हायेत."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. २०१६ च्या मार्चमध्ये खालच्या, चांगल्या पंपाचं हेड फुटलं. अर्धा तांडा ऊसतोडीला गेला होता, रुपीबाईसुद्धा. मागे म्हातारी माणसं आणि पोरं. स्टोअरमध्ये हेड नव्हतं. कधी येईल, कोणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे असं झालं की मिस्तरी जे करतात तेच भाईंनी केलं. न पिण्याच्या पंपाचं हेड आणि दांडा काढला आणि पिण्याच्या पंपावर बसवला. मेलेल्यावरचं काढून जित्यावर घालायचं, म्हणतात ते. त्यांचे गुरूही तेच करायचे. वरच्या बोरच्या तोंडात दगड ठोकला. दांड्याला तडा होता, तो तिथेच जोडून घेतला. हजर असलेल्या चार म्हाताऱ्यांना सांगितलं, "लाल दिसला तरी हाच प्या. आठ दिवसांत येऊन निळा रंग देतो."

आठ दिवसांत निळा डबा आला नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब. त्याआधीच घाटात जीप उलटली, भाईंचा खांदा निखळला आणि ते चार महिने घरी पडून राहिले. उठले तेव्हा त्यांना डोंगरातल्या गावांवरून काढून सडकेकडची गावं दिली होती, आणि टेंभुरदऱ्याचा निळा रंग त्यांच्या डोक्यातून गेला. मधल्या काळात दुसरं पथक टेंभुरदऱ्याला गेलं, हे आम्हाला नंतर जुन्या नोंदींतून कळलं. वरचं बोर हेडाविना दिसलं, म्हणून त्यांनी पाणी न तपासताच नवंकोरं निळं हेड बसवून दिलं. ऊस तोडून तांडा परतला तेव्हा खाली लाल उभा होता आणि वर निळा. ज्या म्हाताऱ्यांना सांगितलं होतं त्यांतले दोघे वारले. उरलेल्या दोघांचं ऐकतो कोण, जिथे डोळ्यांना रंग दिसतो? रुपीबाईने काठी उचलली आणि ती खाली, लाल्याजवळ जाऊन बसली.

रंग लोखंडाबरोबर चालत गेला होता. पाणी जागेवरच होतं.

"पन मधी आठ वरसं तपासनी झाली ना?" भाईंनी विचारलं. "तुमच्याकडं काय आलं?"

मी जुने कागद काढले. दरवर्षी टेंभुरदरा, पॉइंट आठ. दरवर्षी तोच आकडा, कारण बाटली तांड्याच्या नावाची आणि पाणी टेकडीखालच्या विहिरीचं. नमुन्यासाठी टेकडी चढायला कोण बसलंय? दगडातलं पाणी आठ वर्षं इतकं एकसारखं राहत नसतं. हे मला माहीत आहे, मी पोटापाण्यासाठी हेच करते. तरी मी एकदाही विचारलं नाही. चिडकी म्हणे! जिथे चिडायचं तिथे मी आठ वर्षं मुकाट सही करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपने निघालो. भाईंनी दोन डबे घेतले होते, लाल आणि निळा. निळा त्यांनी स्वतः दुकानातून आणला होता. वाटेत मी त्यांना म्हटलं, "भाई, एक सांगतो. पानी बदललं म्हना. जमिनीतलं पानी बदलते, कोन पाहाले गेलं? रंग पालटू अन् गुपचूप येऊ. तेरा दिवस राह्यले तुमचे, कायले झंझट?"

"पानी नाही बदललं ताई. हेड बदललं."

"त्यांना काय फरक पडते?"

"आठ वरसं ती बाई माह्या घरी येऊन सांगे, अन् मी खुश होत होतो," ते म्हणाले. "आता खोटं बोलून पुन्हा खुश होऊ का?"

त्या खोट्याखाली माझा पॉइंट आठही झाकला जाणार होता, हे सुचवताना मला कळत होतं. लाज वाटली.

खालचा पंप आधी लागला. भाईंनी दांड्याच्या खालून बोट फिरवलं, ते एका जागी थांबलं. जोडाचा उंचवटा. "माह्याच हातचा हाये," ते म्हणाले. मग आम्ही टेकडी चढलो. अर्ध्या वाटेत ते दोनदा बसले. वरून बायका भरलेल्या कळशा घेऊन घरोघरी जात होत्या, सगळ्या निळ्या पंपावरून.

रुपीबाईने आम्हाला पाहिलं आणि ती उभी राहिली. "भिया! आठ वरसानं तांड्यावर पाय लागले तुहे!" तिने अंगणात खाट टाकली, वर गोधडी अंथरली आणि नातीला हाक मारली. नात खुशी, आठ वर्षांची, दोन लोटे पाणी घेऊन आली. पाहुण्याला आधी पाणी, ही तांड्याची रीत. पोरगी आमच्याकडे बघून हसली. पुढचे दोन पक्के दात नुकतेच आले होते. दोन्हींवर आडवे तपकिरी पट्टे.

भाईंनी लोटा हातात घेतला. मला वाटलं, ते खाली ठेवतील. त्यांनी तो तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. माझा लोटा मी खाटेखाली सरकवला.

"याडी," ते म्हणाले, "बैस. माह्याकडून चूक झाली." आणि त्यांनी सगळं सांगितलं. हेड फुटल्यापासून निळा डबा न आल्यापर्यंत, काहीही न वगळता. जीप उलटल्याचं मात्र सांगितलं नाही. ते मी मध्ये बोलून सांगायला गेले तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

रुपीबाई ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे खालचा चांगला होता?" तिने विचारलं.

"हो."

"अन् हा?"

"हा तुह्या घरवाल्याचा, याडी. तोच जुना."

तिने खुशीला जवळ ओढलं, हनुवटी धरून तिचं तोंड उघडलं आणि उजेडाकडे वळवलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिली. "हिले मी एक थेंब लाल्याचा नाही देल्ला," ती म्हणाली. "शाळेतून खालून येताना प्याली अशीन म्हनून एकदा मारलं बी." मग तिचा हात सुटला. "जमनीचं मडकं फोडलं मी. तिचे दोन्ही पोट्टे पांढऱ्या दाताचे. मी म्हनो, राख घासत अशीन बाई."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी डोळ्यांनी पाहिली. आणि फाशी देणारे आम्हीच.

"तू जाय भिया," रुपीबाई म्हणाली आणि घरात गेली.

पुढचं सगळं थकवणारंच होतं. नायक भीमसिंगांनी माणसं गोळा केली. भाईंनी तेच पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. एका माणसाने निळा डबा लाथेने उडवला, अर्धा रंग मातीत गेला. दुसऱ्याने विचारलं, "आमच्या पोट्ट्याइचे दात आनून देता का?" भाई म्हणाले, "नाही." एवढंच. उरलेल्या रंगात त्यांनी खालचा पंप निळा केला आणि वरचा लाल, आणि या वेळी जमिनीतून वर येणारा खांबही रंगवला, ओट्यापर्यंत. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून डाव्याने. पाचशे पावलांवरचं हे काम करायला त्यांना आठ वर्षं आणि चार तास लागले, असं मी मनात म्हटलं आणि मलाच माझा राग आला.

मग पाण्याचा प्रश्न उरलाच. त्यांनी खालच्या पंपाला कान लावला. "एकशेदहावर हाये. बेचाळीस घरं यावर आली तं दुपारपर्यंत आटते." नाल्याच्या वरच्या अंगाला खुद्द भीमसिंगांचं बोर होतं, संत्र्यांसाठी. भाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुमची मोटर आणि हा पंप एकाच भेगेचं पाणी पितात. भीमसिंग पाय घासत उभे राहिले. सगळा तांडा त्यांच्याकडे पाहत होता. शेवटी ते म्हणाले, "पाऊस येईपर्यंत बंद ठेवतो." घरामागे दोन कळशा, फक्त पिण्याला, धुणं वर. हेही ठरलं. खालच्या पंपाच्या राखणीला रुपीयाडीला बसवा, असं कोणीतरी म्हटलं तेव्हा ती दारातून बोलली.

"मी नाही. जमनीले बसवा."

जमनाबाई गर्दीच्या मागे उभी होती. जीप उतारावरून निघाली तेव्हा ती खालच्या पंपाच्या ओट्यावर येऊन बसली होती.

कार्यालयात भाईंनी सगळं लिहून दिलं. मीही दिलं, आठ वर्षांच्या आकड्यांसकट. साहेब म्हणाले, "जाता जाता कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?" आणि कागद फायलीला लावला. तो अजून फायलीतच आहे. एकतीस मेला भाईंना शाल आणि नारळ मिळाला. भाषणात कोणीतरी म्हणालं की मोहिउद्दीन मिस्तरींनी हजारोंची तहान भागवली. भाई खाली मान घालून बसले होते.

त्यानंतर ते बाजाराच्या दिवशी सकाळपासून ओट्यावर बसू लागले. आयशाबी माठ भरून ठेवायची, लोटा घासून पालथा घालायची. पहिल्या बाजाराला रुपीबाई आली नाही. दुसऱ्या, तिसऱ्याला नाही. पाऊस सुरू झाला, भीमसिंगांची मोटर पुन्हा चालू झाल्याची बातमी आली, खालच्या पंपाचं पाणी तरी टिकून आहे अशीही आली. रुपीबाई नाही. "म्हातारी झाली ती, चालवत नसंन," आयशाबी म्हणायची. भाई ऐकून घ्यायचे आणि पुढच्या बाजाराला पुन्हा बसायचे. मला त्यांचा राग यायचा. किती दिवस बसणार? आणि मीही त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गल्लीत रेंगाळायचीच.

आठव्या बाजाराला ती आली. डोक्यावर पाटी, बोटाला खुशी. पाटी उतरवून ती नेहमीच्या जागी, दाराशी बसली. आयशाबीने घाईघाईने लोटा भरून तिच्या हातात दिला. रुपीबाईने पाण्याकडे पाहिलं.

"भिया," ती म्हणाली, "हे पानी कुठलं?"

अकरा वर्षांत तिने त्या घरात हे कधी विचारलं नव्हतं. आयशाबीचा चेहरा उतरला. भाई माठाकडे पाहू लागले. हेडला कान लावून जमिनीच्या पोटातलं सांगणारा माणूस.

"नळाचं हाये, याडी," ते म्हणाले. "पन मले माहीत नाही. कधी तपासलं नाही."

रुपीबाईने लोटा बाजूला ठेवला. "मंग तपास. मी बसतो."

मी बाटली भरली आणि निघाले. भाई माझ्यामागे आले, पायी, भर पावसात. प्रयोगशाळेत ते यंत्राला लागून उभे राहिले. आकडा आला. त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तोच आला. परत जाईपर्यंत तास उलटला होता. रुपीबाई तिथेच होती, ओठ सुकलेले. शेजारी खुशी, तीही तहानलेली, तोंड घट्ट मिटून बसलेली.

"पॉइंट सहा," मी म्हटलं. "चांगलं हाये."

रुपीबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू पाह्यलं का?" तिने भाईंना विचारलं.

"पाह्यलं."

"किती डाव?"

"दोन डाव, याडी."

तिने लोटा उचलला. आधी खुशीला पाजला, मग उरलेलं पाणी स्वतः प्यायली आणि पदराने तोंड पुसलं.